करंगतिमुनचा धबधबा

जगन्नाथ पिंपळखुटे यांनी आयुष्यातली तेवीस वर्षं मोटारीच्या वायपरबद्दल लिहिण्यात घालवली आणि त्या तेवीस वर्षांत एक वाक्यही खोटं लिहिलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्या हातून जे घडलं ते ऐकून कोणालाही वाटेल की हा माणूस मुळातच थापाड्या असणार.

मिशिगनमधल्या ट्रॉयला, बिग बीव्हर रोडपासून जरा आत, मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती. तिथे वायपर कसा बसवावा, कसा काढावा, त्यात बोट अडकलं तर काय करावं, याची माहितीपत्रकं जगन्नाथराव लिहीत. त्या विभागाचा एकच नियम होता. जे तपासून बघता येत नाही ते वाक्य कागदावर येता कामा नये. ‘वायपर छान चालतो’ असं लिहायचं नाही, ‘वायपर मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरतो’ असं लिहायचं. ही शिस्त हळूहळू त्यांच्या घरातही उतरली. भाजी कशी झालीय विचारलं तर ते म्हणत, “मीठ कालच्यापेक्षा कमी आहे.” लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अहिल्याबाईंना याचं रडू आलं होतं. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी विचारणंच बंद केलं.

सत्तावन्नाव्या वर्षी कंपनीनं त्यांचा विभाग पुण्याला हलवला. ज्या पुण्यातली अर्धी माणसं अमेरिकेला येण्यासाठी धडपडत होती, त्या पुण्याला जगन्नाथरावांची नोकरी त्यांना मागे ठेवून एकटीच निघून गेली. निरोपाला केक आणला होता. त्यावर नाव चुकवलेलं होतं, ते त्यांनी दाखवून दिलं आणि मगच कापला.

पुढचे आठ महिने त्यांनी घर सुधारलं. डिशवॉशरमध्ये ताटं कुठल्या कोनात ठेवायची याचा तक्ता स्वयंपाकघरात लागला. अहिल्याबाई एका शाळेच्या ऑफिसात हजेरीचं काम बघायच्या. वीस वर्षं पालकांची कारणं ऐकून त्यांना फोनवरच्या श्वासावरून खोटं ओळखता यायचं. त्या कामावरून आल्या की तक्ता बघायच्या आणि ताटं आपल्याला हव्या त्या कोनात कोंबायच्या. पण खरा त्रास मराठी मंडळाच्या कार्यक्रमात व्हायचा. लोक विचारत, “मग, सध्या काय?” आणि उत्तर अर्ध्यात असतानाच विचारणाऱ्यांची नजर समोशांकडे वळायची.

अशात अहिल्याबाईंच्या मैत्रिणीची पुतणी नैना हिचा फोन आला. ती ॲरिझोनात, चँडलरला राहायची. जन्म तिथलाच, मराठी कानावरून शिकलेलं. ती एका वेबसाइटची एडिटर होती. वेबसाइटचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दोन वर्षांत ते तीनदा बदललं. वेबसाइटचं काम एवढंच, की जगातल्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या खेड्यांची ओळख करून द्यायची. फिरायला जाणाऱ्यांसाठी आणि तिथे घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी. नैनाला लिहिणारा माणूस हवा होता. तिनं जगन्नाथरावांना पहिलं गाव दिलं, इंडोनेशियातलं करंगतिमुन. जावा बेटाच्या मध्यावर, डोंगरउतारावर. सोबत तीन फोटो, एक उपग्रहातून काढलेलं चित्र आणि लोकसंख्या.

“तिथे जायचं कधी?” जगन्नाथरावांनी विचारलं.

“जायचं नाही काका, फक्त लिहायचं,” नैना म्हणाली.

त्यांनी चार दिवस खपून लिहिलं. लोकसंख्या तीन हजार एकशे बारा. घरं कौलारू. भाताची खाचरं आणि कसावाच्या कंदाची शेतं. रस्ता एक, अरुंद. नैनाचा व्हिडिओ कॉल आला.

“काका, इट्स व्हेरी करेक्ट. पण हे वाचून कोण विकत घेणार?”

“काय विकत घेणार?”

“घर. किंवा ॲट लीस्ट तिकीट. तुम्ही लिहिलंय, रस्ता पावसात निसरडा होतो.”

“होणारच. दुसऱ्या फोटोत शेवाळ दिसतंय.”

“शेवाळ नाही काका. ग्रीनरी.” मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “थोडं फीलिंग घाला ना. आणि तो फॉर्म पूर्ण भरा, नाहीतर सिस्टिम घेत नाही.”

फॉर्म खरोखरच अडून बसला होता. ‘गावाच्या नावाचा अर्थ’ या रकान्यापुढे लाल चांदणी होती, म्हणजे भरणं सक्तीचं. जगन्नाथरावांनी इंडोनेशियन शब्दकोश उघडला. ‘करंग’चा एक अर्थ परसबाग निघाला आणि ‘तिमुर’ म्हणजे पूर्व. त्यांनी लिहिलं, ‘पूर्वेची बाग’. तिमुन आणि तिमुर यांत एका अक्षराचा फरक आहे हे तेवीस वर्षांत अल्पविरामही न चुकवलेल्या माणसाच्या नजरेतून निसटलं. त्याला त्या दिवशी फीलिंग घालायचं होतं, एवढंच त्याचं कारण.

पुढचा रकाना ‘नैसर्गिक आकर्षण’. तिथेही चांदणी. त्यांनी ‘माहिती नाही’ असं लिहिलं. स्क्रीनवर सूचना आली की किमान चाळीस अक्षरं हवीत. त्यांनी उपग्रहाचं चित्र मोठं करून तासभर न्याहाळलं. हिरव्या डोंगरात एक बारीक पांढरी रेघ होती. ती पायवाट असू शकत होती, दरड असू शकत होती, कोणी लांबलचक धोतर वाळत घातलेलं असू शकत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘गावापासून वीस मिनिटांच्या चालीवर एक अस्पर्श धबधबा’. वीस मिनिटं हा आकडा घातल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. आकडा असला की वाक्य तपासून घेतल्यासारखं दिसतं.

आणि मग बांध फुटला. तेवीस वर्षं दाबून ठेवलेली विशेषणं एकदम बाहेर आली. ‘इथे पहाट घड्याळानं होत नाही, धबधब्याच्या आवाजानं होते. इथली माणसं आधी डोळ्यांनी हसतात. पूर्वेच्या या बागेत वेळ पायरीवर बसून राहतो आणि तुम्हालाही बस म्हणतो.’ नैनानं वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. “काका, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?” तिनं विचारलं. वायपरमध्ये, असं ते म्हणाले.

लेख तुफान चालला. किती लोकांनी वाचला याचा आकडा नैनानं कळवला तेव्हा जगन्नाथरावांना तो टायपिंगचा दोष वाटला. ट्रॉयच्या मंडळाच्या ग्रुपवरही तो आला, आणि तो आपल्याच पिंपळखुट्यांनी लिहिलाय हे कळल्यावर तिथे मोठी धावपळ उडाली. ती धावपळ हातात घेतली देवांग सबनीस यांनी.

देवांग मूळचे मुंबईचे. व्यवसाय इन्शुरन्सचा, पण इन्शुरन्सबरोबर दर दोन वर्षांनी ते मंडळींना एक स्वप्न विकायचे. आधी टेक्सासमध्ये सामुदायिक बदामाची बाग झाली होती, मग कोस्टारिकात आयुर्वेदिक रिट्रीट. बाग वाळली आणि रिट्रीटचा पत्ता कधी लागला नाही, पण देवांगच्या उत्साहावर त्याचा काही परिणाम झाला नव्हता. या वेळी त्यांनी घोषणा केली की निवृत्तीनंतर आठ कुटुंबांनी मिळून करंगतिमुनला मराठी वसाहत उभारायची. आठ बंगले, एक हॉल, हॉलमध्ये गणपती, गणपतीच्या मागे धबधबा.

पहिली मीटिंग देवांगच्या बेसमेंटमध्ये झाली. जगन्नाथराव शेवटच्या रांगेत बसायला गेले तर देवांगनं हात धरून त्यांना पुढे आणलं. “एक्स्पर्ट मागे कसे बसतील, यार?” एक्स्पर्ट पुढच्या सोफ्यावर बसले. कोणीतरी त्यांच्यासाठी पाणी आणलं. समोशांची ताटली आधी त्यांच्यापुढे आली.

“जगन्नाथराव, पाणी चोवीस तास आहे ना?”

“धबधबा आहे म्हटल्यावर पाणी असणारच,” ते म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाच उशिरा ऐकू आलं.

“हवा?”

“ट्रॉयपेक्षा उबदार.”

“आणि साबुदाणा मिळेल का हो?” शैलजाकाकूंनी काळजीनं विचारलं. त्यांचे आठवड्याला दोन उपास असायचे.

“साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद तिथल्या शेतात आहे,” जगन्नाथराव म्हणाले. सगळ्या बेसमेंटमधून समाधानाचा सुस्कारा निघाला. त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघालेलं तपासण्याजोगं सत्य म्हणजे हवा आणि हा कंद, एवढंच होतं.

घरी परतताना अहिल्याबाई गाडी चालवत होत्या. एका सिग्नलला त्या म्हणाल्या, “त्या धबधब्याचा आवाज कसा असतो हो?”

“का?”

“सहज. तुम्ही ऐकलाय म्हणून विचारलं.”

जगन्नाथरावांनी खिडकीबाहेर बघितलं. सिग्नल हिरवा झाला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा कोणी त्यांचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. हा मान परत द्यायचा म्हणजे किती जड असतं हे अहिल्याबाईंना कळत नव्हतं असं नाही, म्हणूनच त्यांनी गाडी पुढे काढली.

तीन आठवड्यांनी एक ईमेल आली. लिहिणाऱ्या रत्ना वुलान्दारी, करंगतिमुन ग्रामकार्यालयाच्या सचिव. साध्या, नीट इंग्रजीत लिहिलं होतं. ‘माननीय महोदय, तुमच्या लेखाबद्दल आभार. तो वाचून आतापर्यंत एकोणीस पाहुणे आले. ते धबधबा विचारतात. आम्ही जन्मापासून इथे राहतो, आम्हाला तो माहीत नाही. आमच्या युवक मंडळानं दोन रविवार शोध घेतला. एकाचा पाय मुरगळला. तरी कृपया धबधब्याची दिशा कळवावी, म्हणजे आम्हालाही बघता येईल.’

जगन्नाथरावांनी ती ईमेल अकरा वेळा वाचली. तिच्यात टोमणा शोधायचा त्यांनी फार प्रयत्न केला. टोमणा असता तर रागावता तरी आलं असतं. पण ती बाई खरंच दिशा विचारत होती.

तीन दिवस ते नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी अहिल्याबाईंनी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. “मी रोज बघते. ज्या आईबापांनी खोटं कारण दिलेलं असतं ना, ते दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत. तुम्ही उचला.”

ट्रॉयला संध्याकाळचे आठ म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. कॉल लागला. रत्नाबाई चाळिशीच्या, डोक्याला मोरपिशी रुमाल, मागे भिंतीवर गावाचा नकाशा. जगन्नाथरावांनी नमस्कार केला आणि वायपरच्या भाषेत सांगून टाकलं. “धबधबा नाही. मी तिथे कधी आलेलो नाही. एक रकाना भरायचा होता.”

रत्नाबाईंनी वळून भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, “आणि पूर्वेची बाग?”

“तिमुर म्हणजे पूर्व.”

“आमचं तिमुन आहे. तिमुन म्हणजे काकडी,” त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. त्यांच्यामागे कोणीतरी अदृश्य माणूसही हसायला लागला. जगन्नाथरावांनाही हसावंसं वाटलं, तेवढ्यात रत्नाबाईंचा चेहरा बदलला.

“पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही,” त्या म्हणाल्या. शहरातून एक दलाल आला होता. धबधब्याकडे मोठा रस्ता होणार, हॉटेलं होणार, असं सांगून त्यानं दार्मो नावाच्या शेतकऱ्याचं उतारावरचं खाचर विकत घेतलं आणि त्याला काटेरी तारेचं कुंपण घातलं. खालच्या तीन खाचरांना जाणारा पाण्याचा पाट त्या कुंपणात अडकला. “तुम्ही लिहिलंत म्हणून झालं. आता नाही म्हणून लिहा.”

जगन्नाथरावांनी लगेच नैनाला फोन लावला. तिला खरंच वाईट वाटलं. पण लेख काढायचा तिला अधिकार नव्हता, आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द छापला की लेख सर्चमध्ये खाली जातो म्हणे. दोन दिवसांनी तिनं वरिष्ठांशी बोलून मार्ग काढला. लेखात एक शब्द वाढवण्यात आला. ‘अस्पर्श धबधबा’च्या जागी ‘अस्पर्श, हंगामी धबधबा’ आलं.

“हंगामी म्हणजे कुठल्या हंगामात?” जगन्नाथरावांनी विचारलं.

“ते ओपन ठेवलंय काका.”

मग उरली मंडळाची मीटिंग. देवांगनं इसाऱ्याचे फॉर्म छापून आणले होते, पेनं वाटली होती. जगन्नाथराव उभे राहिले. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

“मला काही सांगायचं आहे. मी त्या गावाला गेलेलो नाही. तिथे धबधबा नाही. नावाचा संबंध काकडीशी आहे. आणि परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमिनीची पूर्ण मालकी होत नाही, ठरावीक वर्षांचा हक्क मिळतो. तेव्हा कृपा करून सह्या करू नका.”

मग एका कोपऱ्यातून कुजबुज सुरू झाली, ती सोफ्यापर्यंत आली. शैलजाकाकू शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “यांनी स्वतः प्लॉट घेतलेला दिसतोय.”

“बरोबर!” मागून कोणीतरी म्हणालं. “गर्दी नको म्हणून आता आपल्याला घाबरवताहेत.”

“अहो, मी काही घेतलेलं नाही!”

“जगन्नाथराव, इतके मॉडेस्ट नका होऊ,” देवांग प्रेमानं म्हणाले. त्यांनी फोन काढून सगळ्यांना दाखवला. “धबधबा नाही कसा? हा बघा, अपडेट आलाय. हंगामी आहे. यांनी उन्हाळ्यात बघितला असेल.”

“मी कुठल्याच हंगामात बघितला नाही!”

“तेच म्हणतोय मी, यार. तुम्ही ऑफ-सीझनला गेलात.”

त्या संध्याकाळी पाच कुटुंबांनी सह्या केल्या. जगन्नाथरावांनी खोटं लिहिलं होतं तेव्हा बेसमेंटनं त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. खरं बोलल्यावर मात्र प्रत्येक जण त्यांच्याकडे बारकाईनं बघत होता, जणू त्यांच्या खिशातून सातबारा डोकावतोय.

घरी आल्यावर ते कपडे न बदलता टेबलाशी बसले. अहिल्याबाईंना वाटलं, आता हे आजारी पडणार. पण जगन्नाथराव कागदावर ओळी आखत होते. लेखानं केलेलं लेखानं निस्तरणार नाही, भाषणानं तर नाहीच, हे त्यांना कळून चुकलं होतं. जे काम आपल्याला येतं ते करायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी वर लिहिलं, ‘करंगतिमुन: वापरापूर्वी वाचा.’

पुढचे सात आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी, रत्नाबाई आणि ते बोलत बसले. जगन्नाथराव वाक्य वाचायचे, रत्नाबाई तपासायच्या. सुरुवातीला त्यांना हा माणूस विक्षिप्त वाटला. “दवाखाना जवळ आहे,” असं त्या म्हणाल्या की हा विचारणार, “जवळ म्हणजे किती? कोणाच्या पायांनी?” एकदा वैतागून त्या फोन हातात घेऊन चालतच निघाल्या. चौदा मिनिटं, वाटेत एका बदकांच्या कळपासाठी थांबणं धरून. जगन्नाथरावांनी बदकंही लिहून घेतली. मग रत्नाबाईंनाच चटक लागली. एकदा त्यांनी आपणहून कळवलं, “मागच्या वेळी मी सांगितलं, पाव विक्रेता सहाला येतो. चूक. तो सहा वीसला येतो आणि शुक्रवारी येत नाही.”

पुस्तिका बारा पानांची झाली. मोठं रुग्णालय एक तास चाळीस मिनिटांवर, रस्त्यावर ट्रक उलटला नसेल तर. पहाटेची अजान साडेचारच्या सुमारास, तीन बाजूंनी, त्यानंतर कोंबडे. पाणी सकाळी दोन तास, पंप चालू असेल तर. ताडगुळासाठी रस उकळणारे चार जण गावात आहेत, त्यांतले दोघं बघू देतात, एकाला बघितलेलं आवडत नाही, एक बघायला येणाऱ्याला ढवळायला लावतो. ‘इथे काय नाही’ असं एक स्वतंत्र प्रकरण होतं आणि त्याची सुरुवात धबधब्यानं होती. जमिनीच्या हक्काबद्दल अडीच पानं होती, सावधानतेच्या त्रिकोणी खुणेसह. तपासता न येणारं विशेषण पूर्ण पुस्तिकेत एकच राहिलं. तेही रत्नाबाईंनी हट्टानं ठेवायला लावलं, त्यांच्या मावशीच्या हातच्या टेम्पेबद्दल. टेम्पे म्हणजे सोयाबीनची आंबवलेली वडी. ‘चांगला’ हा शब्द तपासता येत नाही, असं जगन्नाथराव म्हणाले. “येऊन तपासा,” असं उत्तर आलं.

रत्नाबाईंनी ती पुस्तिका दोन भाषांत ग्रामकार्यालयाच्या पानावर टाकली आणि छापील प्रत फळ्यावर चिकटवली. दलालानं एका गिऱ्हाइकाला आणलं, तर त्या गिऱ्हाइकानं फळ्यापुढे उभं राहून बाराच्या बारा पानं वाचली आणि ते परत गाडीत जाऊन बसलं. इकडे ट्रॉयमध्ये अहिल्याबाईंनी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली, खाली एक ओळ लिहून: ‘आमच्या घरी प्लॉट नाही. असता तर तुम्हाला तक्ता लावून दाखवला असता.’

जिथे भाषण हरलं तिथे पुस्तिका जिंकली, आणि तीही धबधब्यामुळे नाही. पहिलं कुटुंब रुग्णालयाच्या आकड्यानं गळलं, दुसरं कोंबड्यांनी. शैलजाकाकूंनी पाण्याचे दोन तास वाचून हाय खाल्ली. साबुदाणा भिजवायलाच एवढं पाणी लागतं म्हणाल्या. खोटं बोलणारा माणूस कोंबड्यांची वेळ लिहीत नाही, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं. देवांगनं खिलाडूपणानं फॉर्म परत केले. महिन्याभरात ते पोर्तुगालबद्दल बोलायला लागले.

नैनाची नोकरी त्याच सुमारास गेली. लेख लिहिण्याचं काम वेबसाइटनं एका प्रोग्रॅमकडे दिलं. त्या प्रोग्रॅमला शिकवायला जगन्नाथरावांचा तो लेख नमुना म्हणून वापरला होता. आज त्या वेबसाइटवर मध्य जावातल्या सव्वीस खेड्यांना धबधबा आहे, सगळे वीस मिनिटांच्या चालीवर. नैनानं फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. जगन्नाथरावांनी मात्र तिच्याकडून त्या सव्वीस गावांची यादी मागून घेतली आणि त्या गावांना सावध करायला रत्नाबाईंना पाठवली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा अहिल्याबाईंनी दोन तिकिटं काढली. “बावीस वर्षं तुमची वाक्यं वाचतेय,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच काही बघावंसं वाटलं.”

करंगतिमुनला ते रत्नाबाईंच्या मावशीकडे उतरले. पहिल्याच दिवशी अहिल्याबाई रत्नाबाईंच्या स्कूटरवर मागे बसून कुठेतरी निघून गेल्या. नंतर त्या रोजच जाऊ लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, सगळं इंग्रजीतूनच चालायचं, पण ऑफिसात बसून लोकांच्या थापा ऐकण्याचा अनुभव दोघींना सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी जगन्नाथरावांना दार्मोकडे नेलं. साठीचा, लहानखुरा माणूस, पाय चिखलानं भरलेले. कुंपण अजून होतं. गावाची सभा बसून पाट मोकळा करून घेतला होता, त्यासाठी तार एका जागी कापली होती, पण खाचर काही दार्मोला परत मिळालं नव्हतं. दलाल फिरकत नव्हता आणि जमिनीत गुडघाभर गवत माजलं होतं. दार्मो आता दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचा.

जगन्नाथरावांनी माफी मागितली. रत्नाबाईंनी ती त्यांच्या भाषेत सांगितली. दार्मोनं ऐकून घेतली, मान हलवली आणि काहीतरी विचारलं.

“काय म्हणतात?” जगन्नाथरावांनी विचारलं.

“विचारताहेत, किती उंच होता?”

“काय?”

“धबधबा. तुम्ही मनात धरला होता तो. त्यांना बघायचं होतं. सह्या केल्या त्या दिवशी त्यांनी नातवंडांना कबूल केलं होतं, रस्ता झाला की पहिल्यांदा आपण जायचं.”

जगन्नाथरावांनी तो मनातसुद्धा धरला नव्हता, फक्त लिहिला होता. शेवटी त्यांनी हात वर केला, झाडाच्या शेंड्याइतका, आणि लगेच खाली घेतला. दार्मोनं त्या उंचीकडे बघितलं आणि तो गवत चुकवत आपल्या कामाला गेला. पटलं की नाही, काहीच कळलं नाही.

पाचव्या दिवशी गावाचा पंप बंद पडला. त्याचं माहितीपत्रक तिसऱ्याच कुठल्या भाषेतून इंग्रजीत आणलेलं होतं. त्यात ‘पंपाला दुःखी होऊ देऊ नये’ असं एक वाक्य होतं. पाणीसमितीची चार माणसं ते हातात घेऊन कार्यालयाच्या ओट्यावर बसली होती. जगन्नाथरावांनी ते बघायला मागितलं. मग चष्मा लावून त्यांनी पंपच उघडायला लावला. दोन दिवस ते त्या यंत्रापुढे उकिडवे बसले. कुठला पाना, कुठल्या दिशेला, किती वेळा, हे त्यांनी एकेक करून लिहिलं, रत्नाबाईंनी त्याच्या इंडोनेशियन ओळी केल्या, आणि समितीतल्या सगळ्यात तरुण बाईनं, जिनं आयुष्यात पाना धरला नव्हता, त्या ओळी वाचत वाचत पंप पुन्हा जोडला. जगन्नाथरावांनी हात लावला नाही. कोणीतरी नवख्यानं वाचून केलं तरच लिहिलेलं बरोबर, असं त्यांचं म्हणणं होतं.

‘दुःखी’चा अर्थ काय असावा यावर रत्नाबाईंशी त्यांचा तासभर वाद झाला. कोरडा, असं त्यांचं मत. तापलेला, असं रत्नाबाईंचं. दोन्ही लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्याबाई मावशींच्या अंगणात बादली घेऊन उभ्या होत्या. नळ आधी खोकला, मग तपकिरी पाणी आलं, मग स्वच्छ. “आलं हो!” त्यांनी हाक मारली. शेजारच्या तीन घरांतून तीच हाक वेगळ्या भाषेत ऐकू आली. जगन्नाथराव अंथरुणातच होते. त्यांनी उशीशेजारचं घड्याळ उचललं, वेळ बघितली आणि ती न लिहिता घड्याळ परत ठेवलं.